कवट्या, कुळे आणि पंगत

मानववंशशास्त्राचा विभाग म्हटला म्हणजे काचेच्या कपाटातील कवट्या आणि मापे घेण्याची साधने एवढेच चित्र सामान्य वाचकाच्या डोळ्यांसमोर उभे राहते. ते सर्वस्वी खोटे नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील समाजशास्त्र-मानववंशशास्त्र विभागाची धुरा ज्यांनी वाहिली, त्या इरावतीबाई कर्वे यांची विद्येची वाट कवट्यांवरूनच गेली होती.

मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग 1919 साली पॅट्रिक गेडिस यांनी सुरू केला व 1924 पासून तो मालवणच्या गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या हाती आला. (आमच्या सारस्वत वाचकांस हे नाव परके नसावे.) घुर्ये यांच्या हाताखाली 1928 साली बाई एम. ए. झाल्या, आणि पुढे बर्लिनला युगेन फिशर यांच्याकडे गेल्या. गोऱ्यांच्या कवटीच्या दोन बाजूंत अधिक विषमता असावी व तीतून त्यांचे बौद्धिक श्रेष्ठत्व सिद्ध व्हावे, अशी या गुरूची धारणा. बाईंनी 149 कवट्या मोजल्या आणि या विषमतेचा वंशाशी संबंध आढळत नाही, असा निष्कर्ष काढला. ज्याने साक्षीस बोलाविले त्याच्याच विरुद्ध दिलेली जबानी न्यायालयात विशेष वजनदार ठरते. आम्हांस या प्रबंधाचे मोल वाटते ते ह्याच कारणाने.

1939 साली त्या डेक्कन कॉलेजात आल्या. 1944 साली हसमुख सांकलिया यांच्यासमवेत गुजरातेतील लांघणज येथे उत्खनन झाले व प्राचीन मानवी सांगाडे मिळाले. 1947 साली दिल्लीस भरलेल्या विज्ञान परिषदेत मानववंशशास्त्र शाखेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. 1953 साली भारतातील आप्तसंबंधांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ निघाला. विभागाच्या दप्तरात शोभणाऱ्या या घटना होत.

परंतु देवळाशी नाते असलेल्या आम्हां मंडळींना अधिक भिडते ती बाईंनी पायी केलेली वारी. ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर त्या दिंडीतून चालल्या आणि 'वाटचाल' या लेखात त्यांनी ते लिहिले. दिंडी एक, अभंग एक, टाळ एक. पण मुक्कामी ब्राह्मणांची चूल वेगळी व मराठ्यांची वेगळी! दिवसभर ज्यांच्या मुखी एकच नाम, ती माणसे जेवावयास वेगळी बसतात, ही गोष्ट बाईंना बोचली. त्यांनी मराठा बायांत जाऊन अन्न घेतले, आणि तेव्हाच त्या बाया मोकळ्या झाल्या. मापाच्या साधनांनी हे हाती लागले नसते.

राज्यघटनेचे 17 वे कलम अस्पृश्यता नष्ट करते. परंतु या दोन चुली कोणत्याच कलमात बसत नाहीत. आमच्या गोमंतकात 1933 च्या देवस्थान नियमावलीनुसार महाजनांची नोंदवही ठेवावी लागते, आणि त्या वहीतील नावांवरून होणारे तंटे वकिलांच्या चांगल्या परिचयाचे आहेत. पहिल्या पंक्तीस कोण बसतो, मागच्या पंक्तीस कोण थांबतो आणि पत्रावळी कोण उचलतो, याची वही मात्र कोणत्याही देवस्थानात नसते. कोणी मागतही नाही.

'वाटचाल' 1962 साली इंग्रजीत होऊन अमेरिकेतील एका विद्वन्मान्य नियतकालिकात छापली गेली. आमच्याकडे कीर्तन-प्रवचनांतून तिचा उल्लेख होतो तो बहुधा भक्तिरसासाठी. चुलींचा भाग तेवढा वगळला जातो.