मेंड, डार्न, पॅच : फाटक्या कापडाचा शब्देतिहास

१/ रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात पावसाळी मासेमारीबंदीच्या दिवसांत जाळ्यांची दुरुस्ती चालते. इंग्रजीत या कामाला 'मेंड' म्हणतात. पायमोज्याचे भोक धाग्याने विणून भरले, तर ते 'डार्न'. दोन्हीकडे धागाच ओवायचा. मग क्रियापदे दोन का?

२/ 'मेंड'च्या मुळाशी लॅटिन 'मेंडुम', म्हणजे दोष. दोष काढला एवढेच हे क्रियापद सांगते. कसा काढला, ते नाही. राज्यघटनेची 'अमेंडमेंट' याच कुळातली. मराठीनेही तिला 'घटनादुरुस्ती' म्हटले. जाळ्याचे तुटलेले डोळे कधी विणून काढतात, कधी तुकडाच बदलतात. म्हणून तिथे 'मेंड' चपखल बसते.

३/ इतर क्रियापदे रीत सांगतात. उसवलेली शिवण पुन्हा घालणे 'सो', वरून तुकडा लावणे 'पॅच', झिजलेली वीण धाग्यांनी भरणे 'डार्न'. मराठीत अनुक्रमे शिवणे, ठिगळ लावणे, रफू करणे. यांतील 'सो' आणि 'शिवणे' एकाच इंडो-युरोपीय धातूची लेकरे आहेत.

४/ 'रफू' अरबीतून फारसीमार्गे आला. कसब मात्र त्याहून जुने. अमरकोशात शिंप्याला 'तुन्नवाय' म्हटले आहे : फाटलेले विणणारा. मराठी 'तुणणे' त्याच घराण्यातले.

५/ मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१चा. त्यानेच आरंभलेला इंग्रजी-मराठी कोश थॉमस कँडीने पूर्ण केला, तो १८४७मध्ये निघाला. दिशा उलटली की अडचणही बदलते. 'रफू करणे'ला 'डार्न' सहज सापडते. पण कपडा, कुंपण आणि वर्तन या तिन्हींना चालणाऱ्या 'मेंड'साठी मराठीत प्रसंगागणिक वेगळा शब्द योजावा लागतो.

६/ जुनी कागदपत्रे वाचणाऱ्याने हे ध्यानी ठेवावे. इंग्रजी हिशेबात कपड्यांच्या 'मेंडिंग'चा खर्च दिसला, तर तेथे 'रफू' लिहू नये. उत्तम रफू डोळ्यांना दिसत नाही, त्याला कसबी हात लागतो. ठिगळ लांबूनही दिसते. एका शब्दाच्या चुकीने कागदात नसलेली श्रीमंती किंवा गरिबी आपण त्या माणसाच्या अंगावर चढवतो.

७/ कागद रीत सांगत नसेल, तर 'दुरुस्ती' लिहावे आणि थांबावे. पुराव्यातले भोक कल्पनेने रफू करणे हे इतिहासकाराचे काम नव्हे.