बुडालेल्या रोजाचा हिशेब

खेळ हा खेळच. त्याचे पैसे कसले मागावयाचे, असा प्रश्न भरल्या पोटीं सहज सुचतो. इंग्लंडच्या उत्तरेस खाणींत व गिरण्यांत शनिवारींही राबणाऱ्या रग्बी खेळाडूंना तो सुचणें शक्य नव्हतें. सामन्यासाठीं काम सोडलें कीं त्यांचा रोज बुडे. त्याची भरपाई करूं द्यावी, ही उत्तरेकडील क्लबांची मागणी रग्बी युनियननें १८९३ सालीं बहुमतानें फेटाळली. तेव्हां २९ ऑगस्ट १८९५ रोजीं हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलांत जमून त्या क्लबांनीं ‘नॉर्दर्न युनियन’ ही निराळी संस्था स्थापिली व दिवसाला सहा शिलिंगांपर्यंत भरपाई मान्य केली. पुढें रग्बी लीग म्हणून नांवारूपास आलेला खेळ तो हाच. पैशानें खेळाची अब्रू जाते, असा जुन्या पक्षाचा आक्षेप होता. तो कितपत खरा, हें एका गड्याच्या चरित्रावरून पाहूं.

डग्लस क्लार्क हा कंबरलंडमधील मेरीपोर्टकडचा. कोळशाचीं पोतीं वाहून त्याचे खांदे घडले. १९०९ सालीं तो हडर्सफील्डच्या संघांत आला. त्याची जागा फॉरवर्डची, म्हणजे आघाडीच्या फळींतली. धक्के द्यावयाचे, सोसावयाचे, आणि धांवून गुण मिळविण्याची शोभा बहुधा मागच्यांच्या वांट्याला जाऊं द्यावयाची. १९१४-१५ च्या हंगामांत या संघानें चारही करंडक जिंकले.

क्लार्कचें सत्त्व दिसलें तें मात्र त्याआधीं, ४ जुलै १९१४ रोजीं, सिडनी येथें. आठ दिवसांतला ऑस्ट्रेलियाशीं हा तिसरा कसोटी सामना. बदली खेळाडूची सोय तेव्हां नव्हती. क्लार्कचा अंगठा मोडला; तो बांधून तो खेळला. मग खांद्याजवळील हासळीचें हाड मोडलें; तेंही आवळून तो परतला, पण टिकणें अशक्य झालें. इतरही जायबंदी झाले. कांहीं काळ तेरांऐवजीं दहाच गडी झुंजले, आणि १४-६ असा विजय ब्रिटिश संघाला मिळाला.

महायुद्धांत त्याला मिलिटरी मेडल मिळालें. १९१७ सालीं पॅशेनडेलच्या रणांत विषारी वायूनें तो जर्जर झाला. तरी १९२० सालीं तो पुन्हां ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेलाच.

सहा शिलिंगांत बुडालेला रोज भरून निघे. मोडलें हाड बांधून मैदानांत परतण्याची किंमत त्यांत कोणीं धरली नव्हती. १९९५ च्या ऑगस्टमध्यें, बरोबर शंभर वर्षांनीं, रग्बी युनियनच्या खेळानेंही धंदेवाईकांना दार उघडलें. मोबदल्यानें निष्ठा विकली जात नाहीं. गरिबाला ती दाखविण्याची सवड तेवढी मिळते.