मंडळींतून स्वतंत्र वाटेवर : मास्टर दीनानाथ आणि ‘रणदुंदुभि’

समूहांत नांवारूपास आलेल्या पोरवयाच्या गायकानें समूह सोडावा व स्वतःचें गाणें घेऊन लोकांपुढें उभें राहावें, ही गोष्ट आजची नव्हे. ‘वन डायरेक्शन’ या विलायती मेळ्यांतील हॅरी स्टाइल्स यानें २०१७ सालीं ‘रॉक’ वळणाचें पहिलें स्वतंत्र गीत प्रसिद्ध केलें, तेव्हां जगभर कुतूहल पसरलें. महाराष्ट्रानें असें कुतूहल त्याच्या कितीतरी आधीं अनुभविलें होतें. आणि त्या कथेंतील निर्णायक अध्याय अमरावतीच्या एका नाटककाराच्या लेखणींतून उतरला.

संगीत नाटक मंडळ्या गोड गळ्याचीं मुलें लहानपणींच आपल्याकडे आणीत, त्यांना तालीम देत आणि स्त्रीभूमिका करावयास लावीत. कापसाच्या व्यापारानें भरभराटलेल्या अकोला-अमरावतीसारख्या शहरांत प्रेक्षक येत, ते पुष्कळदां अशा एका गळ्यासाठींच. साहजिकच त्या गळ्याला एक दिवस आपली किंमत कळे. बालनट म्हणून गाजलेल्या केशवराव भोसल्यांनीं १९०८ सालीं हुबळीस ‘ललितकलादर्श’ काढली. १९१३ सालीं नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, किर्लोस्कर मंडळींतून बाहेर पडले. त्यानंतर ती उणीव भरून काढण्याचा भार ज्यांच्यावर आला, त्यांत गोमंतकांतील मंगेशीचा एक मुलगा होता : दीनानाथ मंगेशकर.

१९१८ सालीं दीनानाथांनींहि तीच वाट धरली. चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह त्यांनीं ‘बळवंत संगीत मंडळी’ स्थापिली. तेव्हां त्यांचें वय अठरा वर्षांचेंहि नव्हतें. राम गणेश गडकऱ्यांचें ‘भावबंधन’ मंडळीला लाभलें व दीनानाथांची लतिका लोकप्रिय झाली. तथापि मंडळी निराळी झाली म्हणून गाणें निराळें होतें असें नाहीं. श्रोत्यांच्या कानांत बालगंधर्वांचें लडिवाळ गायन भरून राहिलें होतें. दीनानाथांचा गळा चपळ व तेजस्वी. पंजाबी वळणाची तान त्यांतून विजेसारखी निघे. या गळ्याला विरहाचीं व शृंगाराचीं पदें पुरेशीं नव्हतीं.

हवें तें काव्य वऱ्हाडांतून आलें. अमरावतीचे वीर वामनराव जोशी हे राष्ट्रीय चळवळींत कारावास भोगलेले गृहस्थ. केशवरावांच्या मंडळीसाठीं ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ त्यांनींच लिहिलें होतें. १९२७ सालीं त्यांचें ‘रणदुंदुभि’ बळवंत मंडळीनें रंगभूमीवर आणिलें. पदें वामनरावांचीं, चाली रामकृष्णबुवा वझे यांच्या. दीनानाथांनीं तेजस्विनीची भूमिका केली. वेष स्त्रीचा, परंतु वाणी रणभूमीची! परकी सत्ता डोक्यावर असतां पारतंत्र्याची खंत व स्वातंत्र्याचें तेज गाण्यांतून बोलूं लागलें. ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटें मिळत. तेवढ्यांतहि तो आवेश मावला आणि नाटक न पाहिलेल्या घरांतूनहि पोंचला.

येथें दीनानाथ खऱ्या अर्थानें स्वतंत्र झाले. १९३१ सालीं सावरकरांचें ‘संन्यस्त खड्ग’ याच मंडळीनें केलें, तें या वाटेवरचेंच पुढील पाऊल होय. परंतु मालकी आली कीं जोखीमहि येते. बोलपटांच्या युगांत मंडळीनें चित्रपटाकडे वळून पाहिलें. त्यांत तोटा आला आणि मंडळी विस्कटली. १९४२ सालीं दीनानाथ पुण्यास निवर्तले, तेव्हां त्यांचें वय अवघें एकेचाळीस होतें.

मंडळी सोडण्यास धैर्य पुरतें. पण स्वतःचें गाणें सांपडण्यास कवीहि भेटावा लागतो. १९१८ मध्यें दीनानाथांना मंडळी मिळाली, गाणें मिळण्यास आणखी नऊ वर्षें लागलीं. मंडळी कधींच मोडली; तें गाणें मात्र अजून गाइलें जातें.