तलाठ्याची पेन्सिल आणि आमचं गिट

पोस्ट थोडी मोठी आहे. सुरुवातीला कॉम्प्युटरचा विषय वाटेल, पण शेवटी तुमच्या-माझ्या घराच्या कागदावर येतो. म्हणून पूर्ण वाचा.

मी टिटवाळ्याहून रोज लोकलने जाऊन सॉफ्टवेअरचं काम करतो. प्रोग्राममध्ये केलेला प्रत्येक बदल आम्ही 'गिट'मध्ये नोंदवतो. कोणी केला, कधी केला, कशासाठी केला, सगळं त्यात राहतं. लिनस टोरवाल्ड्सने एप्रिल २००५ मध्ये ते बनवलं. त्यात एक सोय आहे. नोंद पक्की होण्याआधी आपणच लिहून ठेवलेली छोटी स्क्रिप्ट आपोआप चालते. चूक सापडली की नोंद होतच नाही. या स्क्रिप्टला 'हूक' म्हणतात. मागच्या आठवड्यात तिने माझं काम तीनदा परत पाठवलं. चिडलो, पण चूक माझीच होती.

घरी हे सांगितलं तर काका हसले. ते काळू नदीच्या पलीकडच्या गावात राहतात, शेती करतात. म्हणाले, "हा तर आमचा फेरफार! यात नवीन काय?"

मग मी फेरफाराचा इतिहास वाचायला घेतला. काका बरोबर होते.

मुंबई इलाख्यात जमिनीच्या हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली आला. पुढे अँडरसनसाहेबाच्या मॅन्युअलने गाव नमुने बांधून दिले. त्यातला नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही. जमीन विकली, वारस लागला, वाटणी झाली, तरी सातबारा थेट बदलत नाही. आधी फेरफार पडतो, त्याला नंबर मिळतो. आज हे सगळं महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ आणि १५० प्रमाणे चालतं. तलाठी नोंद घेतो, चावडीवर नोटीस लावतो, संबंधितांना कळवतो. हरकतीसाठी १५ दिवस. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जातं. आली नाही तर मंडळ अधिकारी तपासून नोंद प्रमाणित करतो. लिहिणारा एक, मंजूर करणारा दुसरा.

दोन गोष्टी मला फार आवडल्या. जुन्या पद्धतीत नोंद प्रमाणित होईपर्यंत सातबाऱ्यावर पेन्सिलने लिहायचे, मंजुरीनंतर शाईने. आणि जुनं नाव खोडत नाहीत, त्याला कंस करतात. खाली कोण होतं ते दिसत राहतं. आम्ही गिटमध्ये हेच करतो आणि स्वतःला मोठे हुशार समजतो.

या साखळीत एकच कमी होती. प्रत्येक तपासणी माणसाच्या मर्जीवर होती. नोटीस लागली नाही, बेरीज कोणी केली नाही, तर थांबवणारं कोणी नव्हतं. ई-फेरफार आला आणि यातला काही भाग स्क्रिप्टकडे गेला. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला की माहिती ऑनलाइन तलाठ्याकडे जाते. गटाचं एकूण क्षेत्र आणि खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज जुळली नाही की ओडीसी अहवालात तो सातबारा वर येतो. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. २०२० च्या नव्या नमुन्यात शेवटच्या फेरफाराचा नंबर, तारीख आणि प्रलंबित फेरफारही छापून येतात.

पण स्क्रिप्टला काय दिसत नाही, ते आमच्याच घरात कळलं. सातबारे कॉम्प्युटरवर चढवताना काकांचं क्षेत्र ०.४०.५० चं ०.०४.५० झालं होतं. बेरीज जुळेना, त्यामुळे चूक लगेच सापडली. आत्याच्या गटात मात्र क्षेत्र बरोबर, बेरीज बरोबर, फक्त तिच्या सासऱ्यांचं नाव पांडुरंगऐवजी पंढरी. मशीनने ते बिनबोभाट पास केलं. २०१७ च्या उन्हाळ्यात राज्यभर चावडीवाचन झालं, तेव्हा सातबारा मोठ्याने वाचला गेला आणि आत्या उठून म्हणाली, "हा पंढरी कोण?"

म्हणजे स्क्रिप्ट आकड्याचा मेळ बघते. खरं-खोटं तिला माहीत नसतं.

आता आपल्या महापालिकेत या. डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारती तुम्हाला आठवत असतील. महापालिकेच्या बांधकाम परवानग्यांचे बनावट कागद जोडून महारेराची नोंदणी मिळवली गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. आत राहणाऱ्यांनी कर्ज काढून घरं घेतली होती. त्यांनीही तपासलंच होतं की! रेराचा नंबर साइटवर दिसत होता. फॉर्म भरलेला, कागद जोडलेला, सगळं जागच्या जागी. परवानगी खरंच दिली का, हे मात्र ती देणाऱ्या महापालिकेला वेळेत विचारलं गेलं नाही. पुढे महारेराने परवानगी थेट स्थानिक संस्थेकडून पडताळून घ्यायला सुरुवात केली. हे शहाणपण घरं विकली गेल्यावर आलं.

आमच्या धंद्यात हा धडा जुना आहे. हूक माझ्या मशीनवर असतो. 'नो-व्हेरिफाय' एवढं लिहिलं की तो गप्प बसतो. दुसऱ्याने प्रोजेक्ट उतरवून घेतला तर हूक त्याच्याकडे जातही नाही. म्हणून खरी तपासणी मुख्य सर्व्हरवर ठेवतात, जिथे नोंद कायमची होते आणि कोणाला बगल देता येत नाही. ज्याचा फायदा आहे त्याच्याच हातात तपासणी ठेवली, तर ती तपासणी नव्हे.

टिटवाळा, मांडा, बल्याणी भागात आजही खोल्या आणि फ्लॅट विकले जातात. टोकन देण्याआधी एवढं करा. सातबारा विकणाऱ्याकडून घेऊ नका, सरकारी साइटवरून स्वतः काढा. शेवटचा फेरफार आणि प्रलंबित फेरफार बघा. बांधकाम परवानगीची झेरॉक्स घेऊन महापालिकेत जा आणि विचारा, हा नंबर तुमचाच का? आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांसमोर कागद मोठ्याने वाचा.

चावडीवाचन पुन्हा होईल तेव्हा होईल. आपल्या ओट्यावर ते आज संध्याकाळी होऊ शकतं.