काचेआडची आई

अपुऱ्या दिवसांचें मूल जगविण्याचा इतिहास बहुधा यंत्रांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. त्यांतील सर्वांत मोठी चूक आणि तिची दुरुस्ती, दोन्ही आईशीं निगडित आहेत, हें मात्र क्वचितच ध्यानीं घेतलें जातें.

पॅरिसच्या मातेर्निते रुग्णालयांत स्तेफान तार्निए यांनीं इ. स. १८८० च्या सुमारास अशा मुलांसाठीं उबेची पेटी बसविली. अंडीं उबविण्याच्या यंत्रावरून ही कल्पना त्यांस सुचली होती. दोन किलोंहून कमी वजनाच्या मुलांपैकीं पूर्वीं शेंकडा ६६ दगावत. तें प्रमाण ३८ वर आलें. परंतु तार्निए यांचे शिष्य पिएर ब्यूदँ यांनीं १९०० सालच्या आपल्या ग्रंथांत एक कटु अनुभव नमूद केला: मुलापासून दूर ठेवलेल्या कित्येक आयांची माया आटते, व त्या मुलाला टाकूनही देतात. म्हणून आईनेंच त्याला पाजावें, असा त्यांचा आग्रह होता.

हा इशारा फारसा कोणीं मनावर घेतला नाहीं. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड येथें १९०३ पासून १९४३ पर्यंत मार्टिन कूनी यांनीं अशीं मुलें तिकीट लावून लोकांस दाखविलीं. आईबापांकडून ते कांहीं घेत नसत व त्यांच्या परिचारिकांनीं पुष्कळ जीव वांचविले, हें खरें. पुढें रुग्णालयांनींही जंतूंच्या भयानें आईला दाराबाहेरच ठेवलें.

दुरुस्ती झाली ती दारिद्र्यामुळें. १९७८ सालीं कोलंबियांतील बोगोटा येथें पेट्या अपुऱ्या पडूं लागल्या, तेव्हां डॉ. एद्गार रेय यांनीं मूल आईच्या उघड्या छातीशीं, कांगारूच्या पिलाप्रमाणें, बांधून ठेवण्याची रीत सुरू केली. ही गरिबांची तडजोड आहे, असें अनेकांस वाटे. पण २०२१ सालीं पांच देशांतील रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिल्लीचें सफदरजंग त्यांपैकीं एक होतें. मुलाची प्रकृति स्थिर होण्याची वाट न पाहतां, जन्मल्याबरोबर १ ते १.८ किलो वजनाचीं मुलें आईजवळ दिलीं. पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूंचें प्रमाण शेंकडा १५.७ ऐवजीं १२ इतकेंच राहिलें.

यावरून यंत्र टाकाऊ ठरत नाहीं. अठ्ठावीस आठवड्यांपूर्वीं जन्मलेल्या मुलाचीं फुप्फुसें कच्चीं असतात. त्याला यंत्राचा आधार लागतोच. पण श्वासाच्या नळ्या सांवरीत तो इवलासा जीव आईच्या छातीवर अलगद ठेवणें आणि तिच्या थरथरत्या हातांस धीर देणें, हें यंत्राला साधत नाहीं. तें परिचारिकेचें काम आहे. आणि ब्यूदँ यांनीं जी हानि पाहिली, ती टळते ती याच कामानें.