नावाचा मान, कागदाचा जीव



आपल्या आज्यांनी आजोबांचे नाव कधी घेतले नाही. 'अहो' म्हणून संसार झाला. नाव आले ते फक्त उखाण्यात. यहुदी लोकांनी अशी रीत थेट देवाशी पाळली आहे.

त्यांच्या धर्मग्रंथात देवाचे नाव योद, हे, वाव, हे या चार अक्षरांत लिहिलेले असते. जेरुसलेमचे मंदिर इ.स. 70 मध्ये पाडले गेले आणि त्या नावाचा विधिपूर्वक उच्चार थांबला. प्रार्थनेत आजही डोळ्यांपुढे ती चार अक्षरे असतात, पण तोंडून 'अदोनाय' म्हणजे 'स्वामी' असे येते. एरवीच्या बोलण्यात तेही नाही. नुसते 'हाशेम', म्हणजे 'ते नाव'. हिब्रूत अक्षरेच आकड्यांचे काम करतात. पंधरा हे दहा आणि पाच असे लिहिले, तर त्या नावाची पहिली दोन अक्षरे उमटतात. म्हणून नऊ आणि सहा लिहितात.

हे लोक आपल्याला परके नाहीत. कोकणातले बेने इस्राएल म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे 'शनिवार तेली'. आडनावे दिवेकर, राजपूरकर, किहीमकर. 1874 साली पुण्यात त्यांची 'हग्गादा' ही सणाची पोथी हिब्रू आणि मराठीत छापली गेली. तिच्या चित्रांत लुगडी नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करताना दिसतात.

अबू धाबीत सादियात बेटावर 2023 साली खुल्या झालेल्या सिनेगॉगला मोझेस बेन मैमोन यांचे नाव आहे. बाराव्या शतकातील या धर्मशास्त्रकाराने नियम नोंदवला: देवाची सात नावे एकदा लिहिली की पुसायची नाहीत. म्हणून जीर्ण पोथ्या 'गेनिझा' या कोठीत ठेवत. कैरोच्या गेनिझात लोकांनी हिशेब आणि व्यापारी पत्रेही टाकली. 1896-97 मध्ये सॉलोमन शेख्टर यांनी तिथले कागदांचे ढीग केंब्रिजला नेले. कैरोच्या त्या कागदांत मंगळूरला राहिलेल्या अब्राहम बेन यिजू या व्यापाऱ्याचा पत्रव्यवहार आहे, खुद्द मैमोन यांचे हस्ताक्षर आहे आणि हिंदुस्थानला निघालेल्या त्यांच्या भावाचे, डेव्हिडचे, पत्रही आहे. डेव्हिड समुद्रात बुडाला; पत्र उरले.

यंदा मी कायमचा मायदेशी परततो आहे. सामान आवरताना आईची फाटकी पोथी हाती आली. रद्दीत टाकवेना आणि सोडायला इथे नदी नाही. पान उलटले तर समासात तिच्या अक्षरात दुधाचा हिशेब! पोथी माझ्याबरोबर येणार.

दिवाळीच्या साफसफाईत तुमच्याही हाती असे काही लागले, तर टाकण्याआधी एकदा समास वाचा.