पाटी टाकू का? उड्डाणाच्या व्हिडिओंचा शंभर वर्षं जुना प्रश्न

माझा एक मित्र कामशेतला पॅराग्लायडिंग शिकतो आणि त्याचे व्हिडिओ टाकतो. परवा त्याने विचारलं, "सुरुवातीला 'हे स्वतः करून पाहू नका' अशी पाटी टाकू का?" मी "टाक की, काय बिघडतंय" म्हणून मोकळी झाले. पण प्रश्न डोक्यातून जाईना, कारण तो इंटरनेटपेक्षा बराच जुना आहे.

लिंकन बीची हा अमेरिकेतला कसरतपटू वैमानिक. १९११ मध्ये त्याने नायगारा धबधब्याजवळच्या पुलाखालून विमान नेलं. आकाशातून सरळ खाली सूर मारायचा आणि जमिनीजवळ विमान उचलायचं, ही त्याची खासियत. तेव्हा व्हिडिओ नव्हते, पण जत्रांमधले खेळ होते, वर्तमानपत्रं होती. त्याची नक्कल करायला गेलेले वैमानिक मरू लागले. १९१३ मध्ये त्याने जाहीर केलं की आपण उडणं सोडतोय, कारण या मृत्यूंची जबाबदारी आपल्याला आपली वाटते.

म्हणजे पाटी लावणं सोडाच, त्याने खेळच बंद केला. मग काय झालं? त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रशियात नेस्तेरोव्हने आणि फ्रान्समध्ये पेगूने विमानाचा हवेत उभा गोल मारून दाखवला. बीचीला राहवलं नाही. तो परतला. ऑक्टोबरमध्ये त्याच्या विमानाच्या अपघातात छपरावरून बघणारी एक तरुणी गेली. तरी नोव्हेंबरमध्ये त्याने तो गोल मारलाच. १४ मार्च १९१५ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात त्याच्या नव्या विमानाचे पंख तुटले आणि तो खाडीत पडून मेला.

आता यातलं विज्ञान बघा. पंखावर येऊ शकणारं बळ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. वेग दुप्पट झाला, तर दांडी तितकीच ओढून पंखावर चौपट भार येऊ शकतो. सूर मारताना वेग झपाट्याने वाढतो. पण बघणाऱ्याला दिसतो तो फक्त सुंदर वळसा. पंखावरचा भार ना डोळ्यांना दिसतो, ना कॅमेऱ्याला.

पाटीची अडचण नेमकी इथे आहे. "हे धोकादायक आहे" हे बीचीच्या प्रेक्षकांना ठाऊक होतंच, किंबहुना त्यासाठीच ते तिकीट काढत होते. त्यांना कळत नव्हतं ते हे, की धोका कुठे आहे आणि किती आहे.

याची दुसरी बाजू दाखवतो जर्मनीचा ओटो लिलिएंथाल. टेकडीवरून ग्लायडरने झेपावतानाचे त्याचे फोटो १८९० च्या दशकात जगभर छापले गेले. १८९६ मध्ये तो पडून मेला. पण त्याने फोटोंबरोबर आपली मोजमापं आणि पद्धतही छापली होती. शरीराचा भार इकडेतिकडे हलवून तो ग्लायडर सावरत असे. राइट बंधूंनी ते वाचलं आणि ठरवलं की नियंत्रणाला एवढं पुरणार नाही. १९०१ च्या एका भाषणात विल्बरने हिशेबही मांडला: पाच वर्षांत लिलिएंथाल प्रत्यक्ष हवेत होता जेमतेम पाच तास! फोटो बघून हे कुणाला वाटलं असतं?

माझ्या मते खरा डिस्क्लेमर हा असा असतो. "करू नका" ही ओळ टाकायला हरकत नाही, पण ती बहुतेक वेळा टाकणाऱ्याच्याच समाधानासाठी असते. बघणाऱ्याच्या उपयोगी पडते ती व्हिडिओत न दिसणारी माहिती: वारा किती होता, हे कितवं उड्डाण, शिक्षक रेडिओवर होते का, आणि त्या आठवड्यात किती वेळा न उडताच परत आलो.

याने सगळी नक्कल थांबेल असं मी म्हणत नाही. पण नक्कल करणारा निदान तयारीचीही नक्कल करेल.

मित्राला हे सगळं सांगितलं. त्याने नवा व्हिडिओ टाकलाय. त्यात पहिला मिनिटभर नुसता फडफडणारा विंडसॉक आहे, आणि मग सगळेजण पंख गुंडाळून चहाला जातात. लाइक्स फारच कमी आलेत म्हणे!